सहा चटयांची खोली

आमच्या घराची मागची खोली नऊ फूट रुंद आणि बारा फूट लांब आहे. पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतचा हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्ही १९९० साली घेतला. तो पाहायला गेलो तेव्हा चारचौघींप्रमाणे मी नळाला पाणी किती वेळ येते, ओट्याखाली गॅसचा सिलिंडर मावतो का, हे पाहत होते. यजमान मागच्या खोलीत पावलांनी काहीतरी मोजत होते. बाहेर येऊन म्हणाले, "नऊ बाय बारा! बरोबर सहा चटया बसतात." दलालाला काही उमगले नाही. मला उमगले, आणि पुढचे सारे ओळखून मी तिथल्या तिथे सांगून टाकले, "अहो, त्या खोलीत आईंचं कपाट लागणार आहे."

जपानात खोलीचे माप परंपरेने चटयांत सांगतात. एक तातामी म्हणजे साधारण सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद. प्रांताप्रांतांत चार बोटांचा फरक. आत भाताच्या पेंढ्याची दाबून बसवलेली जाड गादी आणि वर लव्हाळ्यासारख्या गवताची बारीक वीण. १९८७ साली कारखान्याने यांना दुभाष्याच्या कामासाठी दहा महिने ओकायामाला पाठवले होते. तेथे एका वृद्ध जोडप्याच्या घरी यांना सहा चटयांची खोली मिळाली. आठवड्याला एक पत्र येई. पत्रात कारखाना नसे, खाण्याचे हाल नसत, खोली असे. खाट नाही, खुर्ची नाही, भिंतीवर दिनदर्शिका नाही, अशी नसलेल्या वस्तूंची यादीच. एक बुटके मेज. भिंतीत जमिनीपासून किंचित उंच असा एक मोठा कोनाडा, त्याला तोकोनोमा म्हणतात. त्यात एक लांबोळके चित्र आणि खाली एका भांड्यात एकच फूल. घरमालकीणबाई दोन-तीन दिवसांनी ते बदलत. कागदाच्या सरकत्या दारांतून संध्याकाळ खोलीत कशी उतरते, यावर तर यांनी चार पाने लिहिली होती. सकाळी उठल्यावर अंथरूण गुंडाळून भिंतीतल्या फडताळात टाकायचे, की खोली पुन्हा मोकळी. मी उलटटपाली कळवले, की वळकटी करून फडताळात टाकण्यासाठी एवढ्या लांब जायची गरज नव्हती. माझ्या माहेरी साताऱ्याला आम्ही सात माणसे एका खोलीत दररोज तेच करत होतो.

यांना हे उत्तर इतके आवडले, की परत आल्यावर ते येईल-जाईल त्याला वाचून दाखवत. म्हणत, "बघा, आपल्याकडे होतंच हे. दिवाण आला, शोकेस आली आणि गेलं." मला मात्र त्यात मिरवण्यासारखे काही वाटत नसे. आमची खोली मोकळी होती ती आमच्याकडे तिच्यात ठेवायला काही नव्हते म्हणून. खाट घ्यायची ऐपत आल्याबरोबर वडिलांनी खाट घेतली, आणि त्या दिवशी आईने तिला हळदकुंकू वाहिले.

जपानी भाषेत मोकळ्या जागेला, दोन गोष्टींमधल्या अंतराला, 'मा' असा एकाक्षरी शब्द आहे. तो लिहिताना दाराची चौकट काढून तिच्या फटीत सूर्य काढतात. हे चिन्ह यांनी मला पोळपाटावरच्या पिठात काढून दाखवले होते. "संस्कृतात मा म्हणजे नको," असे म्हणून पुढे हसत, "आणि जपानीत मा म्हणजे मोकळी जागा. अर्थ एकच झाला की नाही?" विनोद बरा होता. तो मी निदान पन्नास वेळा ऐकला.

सासूबाईंचे कपाट त्या खोलीत लागले ते एकटे लागले नाही. त्याच्यामागून पितळी घंगाळ आले, एकात एक बसवलेली पातेली आली, चिनी मातीच्या बरण्या, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, सुतळीचे गुंडे, विरलेल्या नऊवारींची गाठोडी आणि पत्र्याचे अगणित डबे आले. त्या काही टाकू देत नसत. एकदा मी दोन गंजके डबे भंगारवाल्याला दिले, तर त्या जिन्याने खाली उतरून स्वतः परत घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "रिकामी खोली मी पाहिली आहे, हो. तुझ्या नवऱ्याला ती बघायला जपानात जावं लागलं."

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या पाण्याने पुढे खडकवासल्याचे धरणही फोडले. सासूबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या, हे सात वर्षांचे. नारायण पेठेत नदीकडच्या अंगाला एका मातीच्या वाड्यात त्यांचे तीन खोल्यांचे बिऱ्हाड होते. पाणी येते आहे अशी आरोळी उठली तेव्हा त्यांनी चुलीवरचा भात उतरवला, मुलाला काखोटीला मारले आणि त्या ओंकारेश्वराकडे पाठ करून शहराच्या उंच भागाकडे धावत सुटल्या. वाड्याच्या भिंती भिजून बसल्या. पाणी ओसरल्यावर सासरे चिखल उपसत राहिले. त्या ढिगाऱ्यातून जे हाती लागले ते माजघराच्या दाराची एक सागवानी फळी. अर्धी चिखलात रुतून, अर्धी वर, अशी ती काही दिवस उभी होती. चिखल जिथवर होता तिथे लाकडावर काळी रेघ उमटली आणि ती पुढे कधी गेली नाही. ती फळी त्यांनी निसन हटच्या अर्धगोल पत्र्याखाली नेली, तिथून दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, तिथून आमच्या फ्लॅटमध्ये. कपाटाच्या मागे भिंतीशी ती उभी असे. तिचा उपयोग काय, असे त्यांना विचारण्याचे धाडस मी केले नाही.

यांनी आईला एकदा कामो नो चोमेईची गोष्ट सांगितलेली मला आठवते. हा क्योतोचा कवी. ऐन उमेदीत त्याने राजधानीत मोठी आग पाहिली, वावटळ पाहिली, दुष्काळ पाहिला आणि ११८५ सालचा भूकंप पाहिला. घरे म्हणजे किती तकलादू गोष्ट आहे याची त्याची खात्री पटली. पुढे तो भिक्षू झाला आणि डोंगरात दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशी झोपडी बांधून राहिला. तिचे सांधे आकड्यांनी जोडलेले होते; जागा मानवली नाही तर उकलून दोन गाड्यांवर घालता यावी अशी ती होती. त्या झोपडीवरून नाव पडलेले 'होजोकी' हे त्याचे लहानसे पुस्तक १२१२ सालचे. यांचे म्हणणे असे, की जपानी खोलीच्या मोकळेपणाला लोक सौंदर्यदृष्टी म्हणतात, पण तिच्या मुळाशी आग, पूर आणि भूकंप यांची धास्ती आहे. जे जाणारच आहे ते हलके असावे. सासूबाईंनी सगळे नीट ऐकून घेतले. मग विचारले, "त्याला सून-नातवंडं होती का रे?" नव्हती, असे यांनी कबूल केले. "मग बरोबर," असे म्हणून त्या पुन्हा गहू निवडू लागल्या.

एकाच संकटाची ही दोन उत्तरे आहेत, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही. एकाने सोडून दिले, दुसरीने साठवले. मी दोघांच्या मध्ये उभी राहून फक्त जागेचा हिशेब करत होते. १९९६ साली मुलीला अभ्यासाला जागा हवी म्हणून त्या खोलीची बाल्कनीही आम्ही ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावून बंद करून टाकली. त्या दिवशी हे घरी थांबले नाहीत.

सासूबाई २००८ साली गेल्या. आता खोली रिकामी करायला कुणाची आडकाठी नव्हती. वर्षश्राद्धानंतर यांनी विषय काढला. मी म्हटले, मुलीचे लग्न होऊ द्या. लग्न झाले; मी म्हटले, बाळंतपणाला येईल तेव्हा खोली लागेल. बाळंतपण झाले, मी म्हटले, दिवाळीनंतर पाहू. अकरा वर्षांत अकरा दिवाळ्या झाल्या. दरम्यान कपाटाशेजारी माझी पुस्तके, तपासलेल्या उत्तरपत्रिकांच्या जुन्या पिशव्या, भाच्याने ठेवायला दिलेला संगणक आणि मोडका पंखा येऊन बसले. अडसर सासूबाईंचा आहे असे मी इतकी वर्षे धरून चालले होते. त्या गेल्यावर उघडकीला आले, की तो माझा होता. माझ्यापाशी तर पुराचे कारणही नव्हते.

निवृत्तीनंतर हे रविवारी सकाळी पु. ल. देशपांडे उद्यानात जाऊन बसत. ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीतून ही दहा एकरांची बाग सिंहगड रस्त्यावर उभी राहिली, आणि तिच्या रचनेवर तिथल्या कोराकुएन बागेची छाया आहे. मूळ बाग इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ साली करायला घेतली आणि १७०० साली ती पुरी झाली. १९३४च्या पुराने आणि १९४५च्या बाँबफेकीने तिची धूळधाण केली होती. जुनी चित्रे व नकाशे समोर ठेवून ती पुन्हा जशीच्या तशी उभी केली. आपल्या बागेला दुसऱ्याचा डोंगर उसना घेण्याची जपानी माळ्यांची एक रीत आहे, तिला शाक्केई म्हणतात. पुण्याच्या बागेला पर्वती अशी उसनी मिळाली आहे. हे मला तिथे एका ठरावीक दगडाशी उभे करत आणि म्हणत, "आता बघ." मी पर्वतीच पाहत असे, ती आमच्या बंद केलेल्या बाल्कनीतूनही दिसली असती.

२०१९च्या जानेवारीत हे गेले.

खोलीचे काम मी २०२२ साली काढले. कुणासाठी, असे मुलीने बंगळूरहून विचारले. तिला उत्तर देता आले नाही, पण तिने आपली एक वास्तुविशारद मैत्रीण पाठवून दिली. तिशीतली मुलगी. तिच्याजवळ जपानी घरांची गुळगुळीत छायाचित्रे पुष्कळ होती आणि त्या एकाही घरात कुणी राहत असल्याची खूण नव्हती. मी तिला यांची पत्रे वाचायला दिली. चार दिवसांनी ती येऊन म्हणाली, "काकू, हे आपण आपल्या पद्धतीनं करू." तेव्हापासून आमचे जमले.

पहिला प्रश्न माझ्या गुडघ्यांचा होता. जमिनीवर बसले तर मला उठवायला माणूस लागते. तिने सबंध खोलीला सोळा इंच उंचीचा लाकडी चौथरा केला, चढायला मध्ये काळ्या दगडाची एक पायरी ठेवली आणि बाल्कनी तोडून पुन्हा मोकळी करवली. चौथऱ्याच्या कडेवर बसून पाय बाल्कनीत सोडता येतात. घर आणि अंगण यांच्यामध्ये जपानी लोक जो लाकडी सोपा काढतात, त्याला एंगावा म्हणतात; ती आपली पडवीच. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला एवढी पडवी पुष्कळ झाली. चौथऱ्याखाली झाकणे असलेले कप्पे आहेत आणि त्यांत काय काय आहे ते मी इथे सांगणार नाही. यांनीच एका पत्रात लिहिले होते, की मालकीणबाईंच्या मागल्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. मोकळी खोली काय ती पाहुण्याची.

भिंतींचा तैलरंग खरवडून मातीचा गिलावा द्यायचा होता. जपानी भिंतीच्या मातीत भाताचा बारीक चिरलेला पेंढा असतो, आमचे गवंडीमामा म्हणाले, "ह्यात जपानी काय आहे?" पण सिमेंटवर माती धरेना. एप्रिलच्या उन्हात पहिला हात दोन दिवसांत तडकून पोपडे खाली आले. मग त्यांनी भिंतीला किंतान मारले, मातीत चुना घातला, पातळ थर दिले आणि ओली पोती टांगून खोलीत सावली धरली. आता त्या भिंतीजवळ गेले, की पहिल्या पावसाआधीचा वास येतो.

कोनाड्यासाठी फळी हवी होती. मी कपाटामागची ती सागवानी फळी काढून दिली. राजस्थानातून आलेले सुतारकाका ती उलटसुलट पाहून म्हणाले, की असले लाकूड आता मिळत नाही. मी बँकेत गेले होते, तासाभराने परतले. तोवर त्यांनी मोठ्या आस्थेने तिच्या दर्शनी बाजूवरून रंधा फिरवून ती लखलखीत केली होती. काळी रेघ छिलप्यांबरोबर गेली होती. त्या माणसाचा काही दोष नव्हता. मी काही सांगितलेच नव्हते. "मांजी, कितना मैल था," ते अभिमानाने म्हणाले. मी छिलपे चाळून पाहिले. लाकडाचा इतका पातळ पापुद्रा हातात घेतला, की त्यात काळे काय आणि तांबडे काय ते कळत नाही. मागच्या बाजूला रेघ शिल्लक आहे. फळी बसवली तेव्हा ती बाजू खाली गेली. कोनाड्यात फूल ठेवताना मला ती दिसत नाही, इतर कुणाला तर तिचा पत्ताही नाही. सत्तेचाळीस वर्षे एक बाई जे सांभाळत होती ते मी तासाभरात घालवले, हे मी मुलीलाही बरेच दिवस सांगितले नाही.

कागदाच्या दारांची गंमत वेगळी. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून कागद आणला, घरीच तांदळाची खळ केली आणि चौकटींवर तो चिकटवला. दाराचा खालचा भाग काचेचा आहे. बसल्या जागेवरून बर्फ पाहता यावा म्हणून जपानात अशी दारे करतात. मला त्यातून समोरच्या पर्जन्यवृक्षाचा शेंडा दिसतो, आणि वरच्या कागदाने पलीकडच्या इमारतीचे सांडपाण्याचे नळ झाकले जातात. पावसाच्या झडीसाठी बाहेरून काचेची दारे लावावीच लागली. जुनिचिरो तानिझाकी यांनी सावल्यांच्या महतीवर १९३३ साली जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याच्या आरंभी घर बांधताना विजेच्या तारा लपवायच्या कुठे आणि कागदाला काचेची जोड दिली तर मजा कशी जाते, याचीच कुरकुर आहे. पुढे एका वास्तुविशारदाने, तुमचा निबंध वाचला आहे, तुम्हांला कसे घर हवे ते मला ठाऊक आहे, असे त्यांना सांगितले. त्यावर ते म्हणाले, तसल्या घरात मला राहताच येणार नाही. ही आठवण त्यांच्या पत्नीने सांगितलेली आहे. पावसाळ्यात माझा कागद सैल पडतो, हिवाळ्यात ताठतो. जपानात वर्षअखेरीस तो नवा लावतात. मी दसऱ्याआधी लावते.

शेवाळ मात्र जमले नाही. क्योतोच्या सैहो-जी मंदिराच्या बागेत शेवाळाच्या शंभरावर जाती आहेत म्हणतात. मी एका कुंडीत ते जोपासू पाहिले. मार्चमध्ये त्याची पूड झाली. जुलैत बाल्कनीच्या कट्ट्यावर ते आपण होऊन आले, हिरवेगार, मखमली. मी ते राखले, तर खालच्या बिऱ्हाडाने ओल येते म्हणून सोसायटीकडे तक्रार केली. चिटणीस पाहायला आले आणि ब्लीचिंग पावडर घेऊन आले.

खोली पुरी झाली आणि जवळजवळ वर्षभर मी तिच्यात दिवसातून एकदा, संध्याकाळी, जाऊन बसत होते. तमिळनाडूच्या पत्तमडै गावच्या कोरई गवताच्या चटया अंथरल्या आहेत, बरोबर सहा. कोनाड्यात यांचे छायाचित्र लावावे असे सगळ्यांनी सुचवले. मी लावले नाही. खरे सांगायचे तर ती खोली मला थोडी भीतीदायक वाटे. सासूबाई कोणत्या रिकाम्या खोलीविषयी बोलत होत्या ते तिच्यात कळू लागले होते. दिवा न लावता बसले, की कागदावरचा उजेड हळूहळू राखाडी होई आणि मग नुसते चौकटींचे जाळे उरे. यांनी चार पाने लिहिली होती ती हीच वेळ. ज्याला दाखवायची तो नाही.

२५ जुलै २०२४च्या पहाटे फोन आला. रात्रभर पाऊस कोसळत होता, खडकवासल्याचा विसर्ग वाढला होता आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले होते. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे बिऱ्हाड तिथे तळमजल्यावर आहे. "बाई, आम्ही येऊ का?" एवढेच ती म्हणाली. दुपारपर्यंत ती, तिचा नवरा, पाचवीतला मुलगा आणि तिच्या सासूबाई असे चौघे आले. मागाहून दोन फेऱ्यांत वाचलेले सामान आले. गाद्या, शिवणाचे मशीन, गॅसचा सिलिंडर, देव, कागदपत्रांची ट्रंक, तांदळाचा डबा. मी सांगण्याआधीच ते मागच्या खोलीत गेले, कारण घरात मोकळी जागा तेवढीच होती. चौथऱ्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत सामान लागले. ओल्या गाद्यांचा वास आणि भिंतीच्या मातीचा वास एक झाला. त्या सासूबाई दारात उभ्या राहून मोजत होत्या, मध्येच विचारत, "आणि पाटावरवंटा?"

चार रात्री ती माणसे होती. दुसऱ्या दिवशी ऊन पडले तेव्हा मुलाने दप्तर उघडले. वह्या भिजून लगदा व्हायच्या बेतात होत्या. आम्ही दोघांनी सामान एका बाजूला सारले आणि एकेक पान सोडवून चटयांवर वाळत घातले. कोनाड्यातले फूल उचलून मी त्या फळीवरही भूगोलाची वही उलगडून ठेवली. शाई पसरून नद्यांचे सगळे निळे झाले होते. पंखा लावला तर पाने उडत, म्हणून तो बंद ठेवून आम्ही दारे सरकवली आणि वाऱ्याची वाट पाहत पडवीत पाय सोडून बसलो. मुलगा पाने मोजत होता. सहा चटया पुरल्या नाहीत.